कोऱ्या आकाशाचा पुरावा

मंडळी, व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून एका गृहस्थांनी आम्हाला दारातच विचारलं, "सर, ढगाळ हवेतली समुद्राची छायाचित्रं हे ठीक आहे, पण दोडामार्गात समुद्र कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. जिल्ह्याला देवगडपासून रेडीपर्यंत एवढा किनारा, आणि आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातली हातभर वाळूसुद्धा आलेली नाही. तरी आमचं उत्तर असं आहे की दोडामार्गाचा समुद्र मोरजीला आहे. घाट उतरून आलेली तिलारी आपल्या गावांमधून वाहते, गोव्यात शिरली की तिलाच शापोरा म्हणतात. कोलवाळच्या पुलाखालून ती जाते आणि शापोऱ्याचा किल्ला डाव्या हाताला, मोरजी उजव्या हाताला ठेवून समुद्राला मिळते. आज सकाळी तुमच्या कौलांवरून जे पाणी गळलं, त्यातलं थोडं तरी तिथे पोचणार. तेव्हा त्या मुखावर बोलायचा आपला हक्क आहे.

आता बाहेरच्या खोलीत मुलांनी फोटो लावले आहेत, ते तुम्ही पाहिले असतील. त्यात एक शापोऱ्याच्या मुखाचाच आहे. खाली लिहिलंय, जुलै महिना. आणि वर आकाश कसं? स्वच्छ निळं, कापसाचे चार ढग. खाली पाणी मात्र शिशासारखं. आम्ही त्या मुलाला बोलावून विचारलं. तो प्रामाणिक आहे. म्हणाला, "सर, आभाळात काहीच नव्हतं. पांढरं फटक आलं होतं. म्हणून मोबाइलवर आकाश बदललं."

'काहीच नव्हतं' हे त्याचे शब्द आम्ही धरून ठेवले, कारण गेल्या पावणेदोनशे वर्षांचा छायाचित्रणाचा इतिहास त्या दोन शब्दांत आहे. मळभ असलेलं आकाश म्हणजे रिकामं आकाश, हे त्या मुलाला त्याच्या आजीने शिकवलेलं नाही. आजी 'आभाळ इला' म्हणते. आपल्या भाषेत आभाळ म्हणजे आकाशही आणि ढगही. मूळ संस्कृत शब्द 'अभ्र', म्हणजे ढगच. 'आभाळ आलं' हे वाक्य आपण सहज बोलतो, आणि ऐकणारा 'एवढा वेळ कुठे गेलं होतं' असं विचारत नाही. मळभ, झाकोळ, कुंद हवा, आभाळ उतरणं, उघडीप. इतके भेद करणाऱ्या भाषेतल्या मुलाला आभाळात काहीच दिसू नये, हे त्याला यंत्राने शिकवलं आहे. कसं शिकवलं, ते पाहू.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. आपल्या दृष्टीने खरी महत्त्वाची साल १८५१, कारण त्या वर्षी फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. मुंबईत तीन वर्षांत, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. हिंदुस्थानातली ती पहिली. तिच्यात साहेबलोक होतेच, पण डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजीही होते. नारायण दाजी भावासारखेच वैद्यक शिकलेले आणि स्वतः हाताने छायाचित्रं काढणारे. आता गंमत बघा, भाऊ दाजी मूळचे पेडण्यातल्या मांद्र्याचे. मांद्रे म्हणजे मोरजीच्या शेजारचं गाव. ज्या घरातून मराठी माणसाचा कॅमेऱ्याशी इतका लवकर संबंध आला, ते घर आपल्याच नदीच्या मुखाजवळचं. त्यांनी तिथला किनारा टिपला असं आम्ही म्हणत नाही हं. फक्त हा विषय बाहेरून आलेला पाहुणा नव्हे, एवढंच सुचवायचं आहे.

ही ओल्या काचेची पद्धत कशी होती? काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. समुद्रावर जायचं तर तंबू, बाटल्या, काचा, पाणी हे सगळं बरोबर. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा खरा स्वभाव वेगळाच होता. ती काच जवळजवळ फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखायची. लाल तिला दिसत नसे, हिरवा जेमतेम. म्हणजे कोकणातला जांभा दगड तिच्या लेखी काळा, माडांची राई काळी. आणि निळं आकाश? ते तिच्यावर इतकं जोराने उमटायचं की झाडांपुरता प्रकाश मिळेपर्यंत आकाशाचा भाग निगेटिव्हवर पार काळा व्हायचा. कागदावर छापला की कोरा पांढरा.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. ऑक्टोबरमधलं निरभ्र निळं आकाश छायाचित्रात पांढरं. आषाढातलं गच्च मळभ, तेही पांढरं. एकमेकांच्या अगदी उलट अशा दोन गोष्टींची कागदावर एकच खूण. न्यायशास्त्रात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच सांगतात की धुक्याला धूर समजलात तर डोंगरावर नसलेला अग्नी दिसू लागेल. इथे नेमकं तेच.

आम्ही स्वतः या खड्ड्यात पडलो आहोत, म्हणून अधिकाराने बोलतो. वेंगुर्ला बंदराचा एक जुना फोटो आमच्या नात्यातल्या एका घरी होता. आकाश पांढरं, समुद्र फिका, सगळं कसं उदास. आम्ही एका लहानशा लेखात तो छापला आणि खाली मथळा दिला, 'पावसाळ्यातील बंदर'. शिवाय त्या उदासीवर दोन परिच्छेद तत्त्वज्ञान लिहिलं, ते वेगळंच. पुढे तो अंक एका घरी दाखवला, तर तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तरानू, ह्यो पावसातलो कसो? हंयसर बांगडे वाळत घातलेले दिसतत मां!" खरंच, डाव्या कोपऱ्यात वाळूवर मासळी पसरलेली होती. आणि मग जे आधीच दिसायला हवं होतं तेही दिसलं: वल्ह्यांच्या खाली काळी, धारदार सावली. लख्ख ऊन होतं त्या दिवशी. तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून आम्ही आकाशाकडे पाहत बसलो, आणि बाईंनी जमिनीकडे पाहिलं.

तेव्हापासून जुना फोटो हातात आला की आम्ही आकाश झाकतो आणि खालचं वाचतो. सावली आहे का, तिची कड धारदार की विरलेली. होड्या पाण्यात की वर ओढून माडाच्या चुडतांनी शाकारलेल्या. घरांच्या पडव्यांना झडी बांधल्या आहेत का. माणसांच्या डोक्यावर इरलं आहे का. दगड ओला की सुका. हवा कशी होती हे या गोष्टी सांगतात, आकाश सांगत नाही.

आता आकाश कोरं राहतं याची छायाचित्रकारांनाही लाज वाटत होतीच. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रं काढली, ती पाहून लोक थक्क झाले. लाटही आहे आणि ढगही आहेत! त्यातल्या अनेकांमागची युक्ती अशी की समुद्राची एक काच, आकाशाची दुसरी काच, दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एक छाप. त्याच्या काही चित्रांत तर एकच आकाश दोन वेगवेगळ्या समुद्रांवर आलेलं आहे. पुढे ही रीतच पडली. छायाचित्रकार ढगांच्या काचा घरात साठवून ठेवत आणि लागेल तशा वापरत. आपल्या मुलाच्या मोबाइलने केलं ते याहून निराळं नाही. फक्त ल ग्रेला अंधाऱ्या खोलीत बसून घाम गाळावा लागला.

हे खोटं आहे का? आम्हाला विचाराल तर ल ग्रेच्या बाबतीत आम्ही थोडे मवाळ आहोत. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आकाश काच धरू शकत नव्हती. ते त्याने दुसऱ्या वाटेने आणलं. आपल्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं आकाश काढून टाकलं. एकाने यंत्राची उणीव भरून काढली, दुसऱ्याने जगाची उणीव आहे असं समजून जग बदललं. नुसतं तंत्र पाहिलं तर दोन्ही एकच दिसतात.

तंत्र पुढे सुधारलं. १८७३ मध्ये जर्मनीत फोगेलला सापडलं की रसायनात विशिष्ट रंग मिसळला तर काच हिरवा-पिवळा प्रकाशही ओळखते. १९०६ मध्ये लंडनच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आणल्या. भिंगापुढे पिवळी काच लावली की निळं आकाश गडद आणि पांढरे ढग उठून दिसू लागले. झालं, सगळ्यांना ढग हवेसे झाले! पण कोणते? निळ्यावरचे पांढरे, सुटे, गोंडस. मळभाला या पिवळ्या काचेचा काही उपयोग नाही, कारण तिथे निळाच नाही, राखाडीवर राखाडी. म्हणजे यंत्र सुधारलं आणि सुटा ढग प्रतिष्ठित झाला, मळभ होतं तिथेच राहिलं. आमच्या तरुणपणी फिल्मच्या डबीत एक चिठ्ठी यायची, तिच्यावर सूर्याचं चित्र, अर्धा झाकलेला सूर्य, मग ढग. लख्ख उन्हाला सोळाचं छिद्र, आणि दाट ढगाला पाच पॉइंट सहा, म्हणजे आठपट प्रकाश आत घ्या. ढगाची खूण म्हणजे 'इथे उजेड कमी'. ढगाकडे बघा, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. आम्ही एकदा रेडीला ऐन श्रावणात अख्खा रोल काढला होता. धुवायला दिला तर स्टुडिओवाले म्हणाले, "साहेब, ऊन नव्हतं, रोल फुकट घालवलात." आणि त्यांनी स्वतःच्या मर्जीने त्यातले पाचच छापले. बाकीचे छापून घ्यायचं आम्हालाही सुचलं नाही, हे जास्त वाईट.

यंत्राबरोबर ऋतूही आडवा आला. इंग्रज अंमलदारांचे दौरे थंडीत. पावसाळ्यात सगळे मुक्कामी. दक्षिण कोकणात यायची सोय समुद्रावरून, आणि ती बोटींची वाहतूक पावसाळ्यात बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले दर्यावर्दीसुद्धा होड्या बाहेर काढत नसत. आज कायद्यानेही १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. तंबू, काचा आणि बाटल्या घेऊन त्या वाऱ्यात किनाऱ्यावर उभा राहणार कोण? परिणाम असा की आपल्या किनाऱ्याचं जे चित्र साठत गेलं ते ऑक्टोबर ते मे या महिन्यांचं. पुढे कॅलेंडरवाले आले, पर्यटनवाले आले, त्यांनी तेच उचललं. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जिथे चार महिने माणूस मळभाखाली जगतो, त्या किनाऱ्याचं चित्र काय? निळं पाणी, पिवळी वाळू, वाकलेला माड.

पावसाचे फोटो कोणी काढलेच नाहीत असं नव्हे. न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेकची 'मान्सून' ही चित्रमाला १९६१ मध्ये 'लाइफ'मध्ये आली आणि जगभर गाजली. तिच्यातला मिटल्या डोळ्यांनी पहिला पाऊस झेलणाऱ्या मुलीचा चेहरा प्रसिद्ध आहे. ती मुलगी म्हणजे पुढच्या अपर्णा सेन, आणि तो पाऊस म्हणजे झारीतलं पाणी. (हशा) हसू नका, चित्र सुंदर आहे. खरा पाऊस हवा असेल तर रघुबीर सिंग यांनी १९६७ मध्ये बिहारात मुंगेरला काढलेला, एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या भिजल्या बायकांचा फोटो पाहा. त्यात आकाश जवळजवळ नाहीच, आणि तरी सगळं आभाळ त्यात आहे.

आता इतिहास पुरे, प्रत्यक्षाकडे येतो. मोरजीच्या बाजूला वाळूवर उभे राहा, समोर मुख, पलीकडे किल्ल्याची टेकडी, वर मळभ. काय करायचं?

पहिली गोष्ट, मळभ सगळीकडे सारखं नसतं. १९४२ मध्ये मून आणि स्पेन्सर या दोघा अमेरिकी संशोधकांनी पूर्ण झाकलेल्या आकाशाचं गणित मांडलं: डोक्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या तिप्पट उजळ असतं. डोळ्याला हे कळत नाही, आपण मान वर करून बघतो आणि डोळा जुळवून घेतो. कॅमेरा जुळवून घेत नाही. म्हणून कॅमेरा वर झुकवलात की तो पांढरा भाग चौकटीत येतो आणि चित्र मरतं. क्षितिज वर घ्या, आकाशाला पाव हिस्सा द्या, किंवा त्याहूनही कमी. मग क्षितिजाजवळचे थर दिसतात, कारण तिथे खरोखरच थर असतात. मोबाइल असेल तर आकाशावर बोट ठेवून उजेड कमी करा. चित्र अंधारलेलं वाटेल, वाटू द्या. तो दिवसही अंधारलेलाच होता.

दुसरं, सावली नाही. उन्हात सावली तुमची निम्मी मांडणी करून देते. इथे ती सुट्टीवर. मग आकार कशाने कळायचा? एकामागे एक ठेवण्याने. जवळचा खडक गर्द, त्यामागची टेकडी त्याहून फिकी, तिच्यामागचं भूशिर जेमतेम दिसेल न दिसेल असं. दमट हवा हे काम फुकट करते. दोन पावलं डावीकडे-उजवीकडे सरका आणि या कडा एकमेकींना कुठे छेदतात ते पाहा. आमच्या मते ढगाळ हवेतली मांडणी म्हणजे मुख्यतः हे सरकणंच आहे. भिंगं बदलण्यात जो वेळ जातो तो यात घालवावा.

तिसरं, रंग. लोक म्हणतात मळभात रंग मरतात. साफ चूक. उन्हाच्या चकाकीने जे रंग धुतले जातात ते मळभात परत येतात. ओला जांभा पाहा, कातळावरचं शेवाळ पाहा. ओल्या पृष्ठभागावर आकाशाची पांढरी झळाळी असते, ती पोलरायझर फिरवून थोडी उतरवा. पण सगळी नको, नाहीतर ओलं दिसणारच नाही. ओली वाळू तर तुम्हाला आकाश खालूनही देते. आणि जमलं तर एक माणूस असू द्या, लहानसा, छत्रीवाला. तो नसेल तर लाट गुडघ्याएवढी की माडाएवढी ते कळत नाही.

पण आम्हाला खरं जे सांगायचंय ते या तिसऱ्या गोष्टीत आहे. पावसाळ्यात ओहोटीच्या वेळी त्या मुखाशी उभं राहिलात तर नदीचं पाणी लालसर-तपकिरी, समुद्राचं राखाडी, आणि दोघांच्या मधे चक्क एक रेघ दिसते. उन्हात पाण्यावरच्या चमकीने ती अर्धी हरवते. मळभात सलग दिसते. ते तांबडं पाणी कुठलं? आपलं. तिलारीच्या धरणात पुष्कळ गाळ अडतो हे खरं, पण धरणाखालचे ओहोळ आहेत, उघड्या केलेल्या डोंगरउतारांची माती आहे. या तालुक्यात जंगल जाऊन तिथे रबर आणि अननस आलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कोर्टकचेऱ्याही झाल्या, आणि वृक्षतोड हा या सभागृहात भांडण लावणारा विषय आहे, तेव्हा आम्ही बाजू घेत नाही. आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. पन्नास वर्षांपूर्वी जुलैत ती रेघ कुठे होती? पाणी इतकंच तांबडं होतं, की कमी?

कोणी म्हणेल, जुन्या फोटोत पाणी निळं दिसतं, म्हणजे माती जात नव्हती. दुसरा म्हणेल, नदी पावसात नेहमीच तांबडी असते, फोटो नाही म्हणून काय झालं. दोघांनाही कुमारिल भट्टांकडे पाठवायला हवं. मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं: जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण त्यांनी लगेच अट घातली. घट असता तर तो दिसण्याजोगा होता का? उजेड होता का, डोळे उघडे होते का? अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं म्हणता येत नाही. आपल्या किनाऱ्याच्या पावसाळ्याचं असंच आहे. लाल रंग न ओळखणारी काच, पावसात बंद असलेली बोट, 'रोल फुकट घालवलात' म्हणणारा स्टुडिओ आणि ते ऐकून घेणारे आम्ही. हा सगळा अंधार आहे. त्यातून ना होय निघत, ना नाही.

आता तेही नाही म्हणायला नको. आज प्रत्येकाच्या खिशात लाल रंग ओळखणारा, पावसात चालणारा कॅमेरा आहे. आणि नेमक्या याच वेळी आपण आकाश बदलायला शिकलो.

त्या मुलाकडे मूळ फोटो अजून मोबाइलमध्ये होता, तो त्याने आम्हाला व्याख्यानाच्या आधी दाखवला. आकाश राखाडी, दोन थर स्पष्ट. खाली उजव्या बाजूला तांबड्या पाण्याचा पट्टा, किल्ल्याच्या पायथ्यापासून तिरपा समुद्रात गेलेला. बाहेर लावलेल्या फोटोत तो पट्टा नाही. त्याने पुसला नव्हता. आकाश निळं झालं तेव्हा त्याला शोभेल असं पाणीही मोबाइलने आपणहून थंड रंगाचं केलं होतं. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. आम्ही त्याला सांगितलं की बाहेरचा आहे तसा राहू दे, पण मूळ फोटोही छापून त्याच्या शेजारी लाव, आणि मागे शाईने लिही: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाऊस थांबून किती तास झाले, आणि कुठे उभा होतास. तो म्हणाला, "सर, ओहोटी होती का ते आठवत नाही." ते पंचांगातल्या तिथीवरून काढता येतं. चहा झाला की आम्ही दोघं बसून काढणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या.